चेंबर ओला आहे

१

मंगळवारी पहाटे पावणेसहा वाजता, धरणाकडे चढणाऱ्या रस्त्यावर, तिसऱ्या वळणाच्या कठड्याला एक पांढरी सात आसनांची गाडी आपटलेली आढळली. पौडकडे दूध घेऊन उतरणाऱ्या टेम्पोवाल्याने ती प्रथम पाहिली. चालक शुद्धीवर होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता आणि परक्याच्या वस्तूकडे पाहावे तसा तो त्या पायाकडे पाहत होता. गाडीचे दिवे लागलेले होते, गाणेही चालू होते. इंजिन मात्र जखडले होते. ओढून नेणाऱ्या क्रेनवाल्याने पाना लावून जोर केला, तरी ते केसभरही फिरले नाही.

चालकाचे नाव जयसिंग. वाडीतले मोठे जमीनदार हैबतराव यांचा तो थोरला मुलगा. भातकापणीसाठी वरच्या वस्तीवरून माणसे आणायला तो निघाला होता. गाडी आदल्याच दिवशी दुरुस्तीला घेतली होती. दुरुस्ती करणाऱ्या कैलासचे गॅरेज हैबतरावांच्याच अंगणाच्या कडेला, त्यांच्याच जागेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. ती जागा एका बांधकाम व्यावसायिकाला द्यायचे ठरले होते आणि संक्रांतीपर्यंत शेड रिकामी करण्यास हैबतरावांनी कैलासला आठवड्यापूर्वीच सांगितले होते.

या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की पुढची गोष्ट कोणालाही सुचावी. दुपारपर्यंत ती साऱ्या वाडीला सुचली होती.

सगुणाबाई बारा वर्षे वाडीच्या पोलीस पाटील होत्या. भांडण, अपघात, बेवारस मृत्यू, जे काही घडेल त्याची पहिली खबर ठाण्याला लिहून कळवणे हे त्यांचे काम. अंगावर गणवेश नाही, हातात काठी नाही. एक लांबट वही आणि तिला दोऱ्याने बांधलेले पेन एवढाच त्यांचा सरंजाम. त्या हैबतरावांच्या ओसरीवर पोचल्या तेव्हा ते उभेच होते.

"लिवा, सगुणाबाई," ते म्हणाले. "कैलासनं डाव साधला. शेड जातीया म्हणून माझ्या पोराच्या जिवावर उठला."

"असं लिवता येत न्हाई, हैबतभाऊ. काय झालं ते लिवत्यात. का झालं ते मागनं."

"काय झालं ते क्रेनवाल्यानं सांगितलंय की. इंजिनात तेलाचा थेंब न्हवता. काल नवं पॅकिंग बसवलं, आन् आज तेल गायब."

"वाटंत सांडलं आसंल."

"मग जा, बगून या. अंगणातनं वळणापातूर रस्ता पडलाय."

सगुणाबाई गेल्या. शेजाऱ्याच्या दुचाकीवर मागे बसून त्यांनी सहा किलोमीटरचा रस्ता संथपणे पाहिला. कोरड्या डांबरावर तेलाचा एकही ताजा डाग नव्हता. गाडी अंगणात उभी होती त्या जागी जुने काळे डाग होते. त्या डागांपायीच दुरुस्ती काढली होती, कारण अंगणात नुकत्याच बसवलेल्या फरश्या खराब होत होत्या. ताजे तेल तिथेही नव्हते.

म्हणजे पॅकिंग गळले नव्हते. इंजिनात तेल भरलेच गेले नव्हते.

कैलासची बाजू सावरायला म्हणून पाहिलेली पहिलीच गोष्ट त्याच्यावर उलटली होती.

२

कैलास शेडमध्ये उपड्या डब्यावर बसला होता. वय पस्तिशीचे, बोटांच्या कडा कायमच्या काळ्या. त्याच्या समोर फळीवर तेलाचा नवा कॅन होता. झाकणाचे सील शाबूत.

"हे तेल त्याच गाडीचं?" सगुणाबाईंनी विचारले.

"व्हय, मावशी. आज दुपारी भरनार व्हतो."

"काल का न्हाई भरलंस?"

कैलासने उठून दुसऱ्या एका इंजिनाच्या तळाचे पत्र्याचे भांडे उचलून त्यांच्यापुढे धरले. मोठ्या परातीएवढे, कडेला बोल्टची भोके असलेले.

"ह्यो चेंबर. इंजिनाचं तेल ह्याच्यात ऱ्हातं. ह्यो आन् इंजिन ह्यांच्या मधी पॅकिंग. जुनं कडक झालं की तितनं तेल झिरपतं. काल तेल काढलं, चेंबर उतरवला, कडा खरवडून पुसून घेतल्या. नव्या पॅकिंगला सिलिकॉन लावलं, समोरासमोरचं बोल्ट थोडं थोडं आवळत आनलं. ते सिलिकॉन वाळाया रात लागती. ओल्यावर तेल वतलं तर महिनाभरात परत गळनार. पुन्यातली मानसं दोन तासांत गाडी देत्यात. मी न्हाई देत."

"मग गाडी दिलीस कशी?"

"दिलीच न्हाई. चावी अजून माझ्याकडं हाय." त्याने खिशातून चावी काढून दाखवली. "जयसिंगनं घरातली दुसरी चावी घेतली. आन् मी पाटी लावली व्हती. डायवरच्या पुढच्या काचंवर, वायपरखाली. 'चेंबर ओला आहे. उद्या दुपारपर्यंत हात लावू नये.' पुट्ट्यावर, मार्करनं."

"तेल न्हाई असं का न्हाई लिवलंस? एवढी लांबण लावलीस ती?"

कैलास ओशाळून म्हणाला, "आमच्या उस्तादाची शिकवन. ज्या गाडीफुडं नारळ वाढवायचा, तिच्यावर 'न्हाई' ह्ये अक्षर लिवायचं न्हाई."

"आन् 'नये' चालतंय?"

"नये चालतंय."

सगुणाबाईंनी ते वहीत लिहिले. मग त्यांनी मान वळवून अंगणाकडे पाहिले. गाडीच्या रिकाम्या जागेपासून पंचवीस-तीस पावलांवर हैबतरावांनी बांधलेल्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. खोल्यांपुढे सांडपाण्याचा चौकोनी चेंबर होता. त्यावर दोन दिवसांपूर्वी सिमेंटचे नवे झाकण बसवले होते. झाकणावर एक पुठ्ठा होता, पुठ्ठ्यावर वीट.

त्या जवळ गेल्या आणि वीट उचलली. मार्करने, वळणदार अक्षरात लिहिले होते: चेंबर ओला आहे. उद्या दुपारपर्यंत हात लावू नये.

"ही तुजी पाटी?"

"माजीच," कैलास म्हणाला आणि त्याचा आवाज उतरला. "पर ती हितं कशी आली?"

मागून हैबतरावांचे हसू ऐकू आले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक. "ही पाटी कालधरनं हितंच हाय. समद्यांनी बगितलीया. गटाराच्या चेंबरची पाटी दाखवून ह्यो गाडीच्या चेंबरचं पाप धुतुया. उद्या अकरा वाजता ठाण्यात तुमचा कागद पायजे, सगुणाबाई. मी तक्रार दिलीया. ह्येला आत टाकल्याबिगर मी ऱ्हात न्हाई."

कैलासला लहान बहीण होती. तिचे लग्न माघात ठरले होते. हातकड्या घातलेल्या भावाच्या घरातून मुलगी नेणारे लोक या पट्ट्यात फार नव्हते. हे तिघांनाही माहीत होते.

३

सगुणाबाईंनी पाटी घरी नेली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

पुठ्ठा गाडीच्या सुट्या भागाच्या खोक्याचा होता. मागच्या बाजूला फिल्टरचे चित्र होते. पुढच्या बाजूवर करड्या धुळीचा पातळ थर बसला होता. रस्ता रुंद करण्याचे काम चालू असल्याने दिवसभर डंपर जात आणि ही धूळ साऱ्या वाडीवर बसे. मात्र पुठ्ठ्याच्या वरच्या भागात, तिरकी, बोटभर रुंदीची एक पट्टी अगदी स्वच्छ होती. सगुणाबाईंनी त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना टाचण्या टोचून खूण केली आणि पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली.

मग त्या गवंड्याकडे गेल्या. नरहरी गवंडी दुसऱ्या वस्तीवर भिंत चढवत होता. त्याने हातातली थापी खाली ठेवली नाही.

"पाटी? माजी न्हाई. मला लिवता येत असतं तर मी हितं उन्हात कशाला उभा ऱ्हायलो असतो?"

"दुसऱ्याकडनं लिवून घेतली आसशील."

"कशाला? कुत्र्याला वाचता येतं? ओल्या कामावर मी बाभळीच्या फांद्या टाकतो. काटा समद्यांना कळतो, पाटी शिकलेल्यालाच कळती. आन् झाकण तर रविवारी बसवलं. सोमवारी ते कडक व्हतं. वर गोणपाट टाकून पाणी मारा म्हणून मीच सांगून आलो. त्येला ओलं ऱ्हाऊ द्यायचं असतंय, बाई. जितकं ओलं तितकं पक्कं."

सगुणाबाई परतीच्या वाटेवर हे वाक्य मनात घोळवत चालल्या. गवंड्याला त्याचा चेंबर ओला हवा होता. ओला असल्याची भीती फक्त मेकॅनिकला होती. तेव्हा पाटी मेकॅनिकची होती, हे नक्की. परंतु त्याने ती मुळातच गटारावर ठेवली नव्हती कशावरून?

अंगणात येऊन त्यांनी झाकणाभोवती पाहिले. बाभळीच्या फांद्या होत्या. वीट आणि पुठ्ठा मावेल एवढी मधली जागा मोकळी करून त्या भोवताली नीट, टोके बाहेरच्या बाजूला करून, रचल्या होत्या. ज्याने हे केले त्याला घाई नव्हती. आणि कोणाचा तरी पाय तिथे पडू नये, याची त्याला काळजी होती.

हैबतरावांचा धाकटा भाऊ राजू गोठ्यात होता. जमीन विकण्याला त्याचा विरोध होता. रविवारी याच अंगणात त्याची आणि जयसिंगची झोंबाझोंबी झाली होती आणि जयसिंगने काकाचा सदरा फाडला होता.

"माज्याकडं आला व्हय," तो म्हणाला. "मला वाटलंच व्हतं. पुतण्याचा पाय मोडला, काका खूश. असंच ना?"

"तू खूश हायेस का?"

राजूने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "त्याला सायकल मी शिकवली, सगुणाक्का. जमिनीसाठी मी त्याच्याशी बोलनार न्हाई. पर पाय मोडायचा इचार न्हाई येत डोक्यात."

"सोमवारी सांजंला अंगणात कोन कोन दिसलं?"

"आठ वाजता मी म्हशीला पाणी दावाया आलो. पाटी तवा गटारावर व्हती. बॅटरी मारून वाचली. म्हटलं, नरहरीला कवापासनं अक्षरं फुटली. गाडीवर काय बी न्हवतं."

"कैलास?"

"तो साडेपाचलाच गेला. भुकूमला बहिणीच्या व्हनाऱ्या सासरी, बोलणी व्हती. त्याच्या आईनं जाताना आमच्याकडनं साखर नेली. नऊच्या एसटीनं परत आली समदी."

सगुणाबाईंनी वहीत दोन आकडे लिहिले. साडेपाच. आठ. मग त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पहिल्या गाडीजवळ गेल्या, वर्तमानपत्र उलगडले आणि पाटी तिच्या काचेवर वायपरखाली सरकवली. वायपरची पट्टी दोन टाचण्यांच्या मध्ये बरोबर बसली.

पाटी गाडीवर होती. डंपरची धूळ तिच्यावर बसेपर्यंत होती. मग साडेपाच ते आठ या वेळात, कैलास भुकूममध्ये असताना, कोणीतरी ती उचलून तीस पावले नेली होती.

आता हे काम कोणाचे, एवढाच प्रश्न उरला. आणि ज्याचे असेल त्याने ते जयसिंगला मारण्यासाठी केले होते की काय?

४

जयसिंगला पौडच्या एका दवाखान्यात ठेवले होते. पाय दोरीने टांगलेला. सगुणाबाईंनी मोसंबी पिशवीतून काढून उशाशी ठेवली.

"पाटी गाडीवर असती तर हात लावला असतास?"

"येडा हाय का मी? चेंबर ओला म्हंजे आत तेल न्हाई, हे बारक्या पोराला बी कळतं आमच्या घरात. ट्रॅक्टरचा चेंबर मी सोता तीनदा खोललाय."

"तांबडा दिवा लागला आसंल. तेलाचा."

"लागला व्हता." तो छताकडे पाहू लागला. "वाटलं, नवं काम हाय, जाईल मागनं. आवाज बी यायला लागला टकटक. मी गाणं मोठं केलं."

"आन् लिंबू?"

जयसिंगने डोळे त्यांच्याकडे वळवले.

"कैलास गाडी देताना काय करतो ते तुला ठावं हाय," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या चाकाखाली लिंबू ठिवतो. मालकानं ते चिरडून गाडी काढायची. गेल्या बारीला माझ्या जावयाच्या गाडीखाली ठिवलं व्हतं. मी सकाळी जागा बगितली. फरशीवर लिंबू न्हाई, सालपट न्हाई, रसाचा डाग न्हाई."

बाहेर कोणीतरी औषधाच्या दुकानात सुट्या पैशांवरून हुज्जत घालत होते.

"न्हवतं लिंबू," जयसिंग म्हणाला. "म्या खाली वाकून बगितलं. न्हवतं. म्हटलं, इसरला आसंल. माणसं वरच्या वस्तीवर थांबली व्हती, मावशी. उशीर झाला की दुसरा शेतवाला घेऊन जातो."

"हे वडलांना सांगितलंस?"

"न्हाई."

"का?"

"ते कैलासवर एवढं तापलेत. आता कसं सांगू, की गाडी त्यानं दिलीच न्हवती म्हणून?"

सगुणाबाई उठल्या. दाराशी थांबून त्यांनी विचारले, "तुज्या घरात चेंबर म्हटलं की काय समजत्यात रं?"

"इंजिनाचा. दुसरा कंचा?" तो म्हणाला आणि थोड्या वेळाने, "व्हय की. गटाराचा बी."

दोन्ही अर्थ माहीत असलेल्या माणसाने पाटी हलवली असेल, तर त्याने जाणूनबुजून हलवली. परंतु जाणूनबुजून हलवणारा ती चुलीत घालेल, तीस पावलांवर सर्वांना दिसेल अशी वीट ठेवून जपणार नाही. सगुणाबाई एसटीत बसून हा हिशोब पुन्हा पुन्हा तपासत होत्या. पाटी जपणाऱ्याला ती खरी वाटली होती. त्याच्या लेखी जगात एकच चेंबर होता.

हैबतरावांच्या अंगणात ट्रॅक्टरचे इंजिन खोललेले कधी न पाहिलेले असे कोण होते?

५

भाड्याच्या तीन खोल्यांपैकी दोन बंद होत्या; तिथले भाडेकरू दिवाळीला गावी गेले होते ते परतले नव्हते. तिसरीत गौतमी राहत होती. ती मूळची यवतमाळची. नवरा नागपूरला नोकरीत, ती महाळुंग्याच्या एका कंपनीत हिशेब तपासनीस, आणि पाच वर्षांची आरोही तिच्याजवळ. सकाळी सातला ती निघे आणि संध्याकाळी साडेसहाला परते. अपघाताची गडबड झाली तेव्हा ती कामावर होती.

सगुणाबाई गेल्या तेव्हा ती पोळ्या करत होती. आरोही जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"काकू, या ना. जयसिंगदादा कसे आहेत? ऑफिसातून आले तर सगळीकडे तेच. ऑइल लीक झालं म्हणे."

"बरा हाय. तुजं गटार झालं का नीट?"

"झालं एकदाचं." गौतमीने तवा उतरवला. "तीन आठवडे मागे लागले होते मी हैबतकाकांच्या. झाकणच नव्हतं. आरोहीचा एक पाय गेला होता आत, नशीब मी बाजूला होते. आता झाकण बसवलं तर म्हणे ओलं आहे. आणि त्या लोकांची गंमत बघा, पाटी लावली ती कुठे, तर गाडीवर. गाडीवर लावून मुलांना काय कळणार? मीच उचलून आणली आणि वीट ठेवली वर. काटे पण जरा सारखे केले, हिच्या पायात जातील म्हणून."

ती हे सारे पोळी लाटता लाटता सहज सांगत होती. सगुणाबाईंनी वही उघडली नाही.

"गौतमी," त्या म्हणाल्या, "गॅस बंद कर जरा. बस हितं."

त्यांनी तिला इंजिनाच्या चेंबरविषयी सांगितले. सोप्या शब्दांत, कैलासने सांगितले होते त्याच क्रमाने. गौतमी प्रथम ऐकत होती. मग तिचे ऐकणे थांबले आणि ती फक्त बसून राहिली. हाताला पीठ तसेच होते.

"म्हणजे त्यांचा पाय..."

"तुज्या एकटीमुळं न्हाई. तांबडा दिवा त्यानं बगितला व्हता. कैलासनं 'तेल न्हाई' लिवलं न्हवतं. हैबतभाऊंनी झाकण तीन आठवडे लांबवलं. तूच न्हाई, समद्यांनी थोडं थोडं हलवलंय त्या पाटीला."

"माझं नाव लिहावं लागेल?"

"लागंल."

"काकू, ते मला खोली सोडायला सांगतील. आरोहीची शाळा इथली आहे. महाळुंग्यात मला परवडत नाही, बघून आलेय मी." तिने हाताचे पीठ चोळून काढले. "आणि नाही लिहिलं तर?"

"तर कैलासला नेतील. त्याच्या बहिणीचं लगीन मोडंल."

आरोहीने चित्रातून मान वर केली. "आई, पोळी जळतेय का?"

"नाही गं. गॅस बंद आहे."

सगुणाबाई उठल्या. "उद्या अकरा वाजता ठाण्यात. मी तुला घेऊन जानार न्हाई. यायचं का न्हाई ते तू ठरीव."

६

ठाण्यात बाकावर एका टोकाला हैबतराव आणि दुसऱ्या टोकाला कैलास बसला होता. टेबलामागे हवालदार चंद्रकांत होते. शहरातून बदलून आलेल्या या गृहस्थांनी नुकतीच ड्यूटी हाती घेतली होती. हैबतरावांची तक्रार अजून त्यांच्यापुढे आली नव्हती. सगुणाबाईंनी हे दारातच पाहिले, आणि अहवालाचा कागद पिशवीतच ठेवला.

अकराला दोन मिनिटे असताना गौतमी आली. कार्यालयाचे ओळखपत्र गळ्यात तसेच होते. तिने हैबतरावांना नमस्कार केला आणि उभ्या उभ्याच, एका दमात, सारे सांगून टाकले.

हैबतराव ऐकत होते. संपल्यावर त्यांनी सगुणाबाईंकडे पाहिले.

"चांगली पढवली. गाडीवरची पाटी गटाराची समजनारं येडं माणूस कुटं असतंय? आन् ही तर शिकलेली. कैलासनं घातलं आसंल तोंडात. कुनी तरी पटवून दावा मला."

"दावते," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी वर्तमानपत्र उलगडले आणि पाटी टेबलावर, हवालदारांच्या पुढे ठेवली. "साहेब, ही पाटी तुमाला वाटंत पडलेली सापडली. तुमी ती कुटं नेऊन ठिवाल?"

हवालदारांनी चष्मा सारखा केला आणि वाचले.

"ड्रेनेजवर. दुसरीकडं कुठं? चेंबरचं सिमेंट ओलं असणार." त्यांनी सर्वांकडे आळीपाळीने पाहिले. "का? काय झालं?"

कैलासने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते आणि तो हसतो आहे की रडतो आहे हे सांगता आले नसते.

"दुसरं एक," सगुणाबाई हलक्या आवाजात हैबतरावांना म्हणाल्या. "लिंबू. त्ये जयसिंगला इचारा. मी सांगनार न्हाई. तो सांगंल."

हैबतरावांनी फोन काढला, बाहेर व्हरांड्यात गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. बोलणे थोडेच झाले. परत आले तेव्हा ते बाकावर बसले नाहीत.

"तक्रार माघारी घ्यायची काय रीत असती?" त्यांनी हवालदारांना विचारले.

सही करून झाल्यावर ते गौतमीपाशी थांबले. ती ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"पोरीचा पाय गेला व्हता त्यात, हे मला कुनी सांगितलं न्हाई."

"मी सांगितलं होतं, काका. दोनदा."

हैबतरावांनी यावर थोडा विचार केला. "सांगितलं आसशील," ते म्हणाले. "खोलीत ऱ्हावा."

कैलासशी ते बोलले नाहीत. संक्रांतीची मुदतही मागे घेतली नाही; जागेचा व्यवहार झालेला होता. कैलासने तशी अपेक्षाही केली नव्हती. पुढच्या वळणावर एक गाळा तो पाहून आला होता.

सगुणाबाईंच्या अहवालाचे शेवटचे वाक्य ठाण्याच्या फायलीत आजही वाचता येईल. 'सदर घटनेमागे कोणाचाही घातपाताचा हेतू आढळून आला नाही. सदर पाटीवरील "चेंबर" या शब्दाचे या गावी दोन अर्थ आहेत व पाटी लिहिणाऱ्यास एक आणि वाचणारीस दुसरा ठाऊक होता.'

पंधरा दिवसांनी, रविवारी, कैलास एक पुठ्ठा घेऊन गौतमीच्या दाराशी आला. आत आला नाही.

"ताई, येवढं वाचा. कळतंय का सांगा."

पुठ्ठ्यावर लिहिले होते: या गाडीच्या इंजिनात तेल भरायचे बाकी आहे. चालू करू नये.

गौतमीने दोनदा वाचले. "कळतंय," ती म्हणाली. "पण सरळ 'तेल नाही' का नाही लिहीत?"

"तेवढं सोडून काय बी सांगा," कैलास म्हणाला, आणि पाटी घेऊन शेडकडे वळला. जाताना त्याने गटाराच्या झाकणावर पाय दिला. ते पक्के झाले होते.